लालबागच्या टॉवरमधली मातीची भिंत

बाबांनी गावी जाऊन राहायचं जाहीर केलं आणि मी आमच्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या घरात मातीची भिंत लिंपायला घेतली. या दोन गोष्टींचा संबंध तेव्हा मला एकट्यालाच दिसत होता.

बाबांची छाती जुनी दुखणाईत. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत, कापूस पिंजण्याच्या खात्यात गेली. आमची चाळ पाडून टॉवर झाला, मग शेजारी दुसरा टॉवर उठू लागला आणि त्याच्या धुळीने बाबांची धाप वाढली. "गावच्या मातयेच्या घरात माझी छाती मोकळी रवता," ते म्हणायचे. "माका थंयच जावन रवाचा आसा." आई गेल्यापासून ते घर बंद होतं. तिथे ते एकटे राहणार ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

अशा वेळी शहाणा मुलगा वडिलांशी बोलतो. मी मोबाइलवर एक लेख वाचला. मातीची भिंत हवेतला दमटपणा शोषून घेते, हवा कोरडी झाली की परत सोडते, असं त्यात होतं. झालं! लोअर परळच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या फायली इकडून तिकडे सरकवणारा मी, तासाभरात घरातल्या हवेचा तज्ज्ञ झालो. बाबांना मातीचं घर हवंय ना, मग मी ते इथेच आणतो, असं बायकोला ऐटीत सांगितलं. तिने सोफ्यावर जुनी चादर टाकली.

माती कुठून आणायची हा प्रश्न लालबागमध्ये कुणाला पडत नाही. गणपतीच्या कारखान्यातून शाडूची पोती आणली. ती मूर्तीची माती, भिंतीची नव्हे, एवढं कळायला हवं होतं. पण आम्हाला माती म्हटली की शाडूच आठवते. शेणासाठी देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईंना गाठलं. "पूजेला का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि ते शेण मॉलच्या चकचकीत पिशवीतून लिफ्टने वर नेलं. मी घरात शिरेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर वासाची तक्रार पोचली होती. तिच्याखाली मीही एक रागावलेला चेहरा टाकला.

पहिला थर सुकताच तडकला आणि टीव्हीवर पडला. बाबा हसले, हसता हसता खोकले. दुसऱ्या खेपेला भाताचं तूस मिसळलं, तेव्हा थर टिकला. बाबांनी त्यावरून हात फिरवला. "बरी जमली मरे!" एवढंच म्हणाले, पण मी मनातल्या मनात त्यांचं गावी जाणं रद्द करून टाकलं.

हवा सुधारतेय हे सिद्ध करायला मी हवा मोजायचं यंत्र मागवलं. बाहेरची धूळ आत आली तर माझ्या भिंतीचा निकाल बिघडेल, म्हणून खिडक्यांच्या फटींना टेप लावली. ओली भिंत, पावसाळ्याचे दिवस आणि बंद घर. गावच्या घराची दारं दिवसभर सताड उघडी असतात, हे लहानपणी दर मे महिना तिथे काढूनही माझ्या डोक्यात आलं नाही. लवकरच भिंतीवर काळपट हिरवी बुरशी चढली. नैसर्गिक आहे, असं मी बायकोला समजावलं.

एका रविवारी दुपारी यंत्राचा दिवा लाल झाला. मी ते हलवलं, बंद करून परत सुरू केलं, त्याचं माहितीपत्रक शोधून काढलं. "बिघडलंय हे," मी म्हणालो. माझ्या मागे बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून ओढून ओढून श्वास घेत होते. बायको आतून धावत आली. तिने टेप ओरबाडून खिडकी उघडली, औषधाचा पंप बाबांच्या तोंडाशी धरला आणि माझ्यावर ओरडली, "अहो, ते ठेवा आधी आणि बाबांकडे बघा!" इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळपर्यंत बाबांचा श्वास जागेवर आला. ते उघड्या खिडकीशी बसले होते आणि मी भिंत खरवडत होतो.

"येत्या सोमाराची गाडी बघ माझी," ते म्हणाले.

आता माझ्याकडे वाद घालायला ना लेख होता ना यंत्र. पहिल्याच दिवशी जे बोलायचं होतं, ते तोंडातून निघून गेलं.

"बाबा, तिथे एकट्याला धाप लागली तर मला कळणार कसं?"



"कळाचा नाय तुका," ते म्हणाले. "तुझ्या जिवाक घोर नको, म्हणान तर जातंय."