मयतीच्या घरचा गुंड

लीलाबाई नळावर आल्या की गलका आपोआप ओसरायचा. पांढुर्ण्याच्या त्या गल्लीत नळ एकच, अन् पाणी येईल तेव्हा येईल. रांग माणसांची नसे, गुंडांची, म्हणजे पाण्याच्या पितळी घागरींची असे. लीलाबाईंच्या धाकानं कुणी दुसऱ्याचा गुंड मागं सारत नसे. ज्याच्या घरी मयत झाली, त्याचा गुंड मात्र न सांगता सगळ्यांच्या पुढं जाई.

पंचाऐंशीच्या उन्हाळ्यात नगरपालिकेनं नळ ठेक्यानं दिला. ठेका घेतला लीलाबाईंच्या बहिणीच्या पोरानं, गुणवंतानं. बाया कुरकुरल्या तेव्हा लीलाबाईच म्हणाल्या, "घरचं पोरगं हाय व. परक्यापक्षा बरं." गुणवंतानं फुटका पाइप बदलला, पाणी रोज येऊ लागलं, हे खरं. पण नळाला कुलूप आलं. पैसे भरतील त्यांना पत्र्याचे बिल्ले मिळाले. बाकीच्यांचे गुंड उरलंसुरलं पाणी येईस्तोवर उन्हात तापत राहायचे.

अशात कवडू हमालाची माय गेली. कवडूकडे बिल्ला नव्हता, अन् मयतीला आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. लीलाबाईंनी त्याचा गुंड नळाखाली ठेवला. गुणवंतानं तो पायानं बाजूला सारला.

"काहून रे? मयत हाय त्याच्या घरी!"

"मेलेल्याले कायची घाई, मावशे?"

रांगेतली कुणीतरी फिसकन हसली.

"पाणी तुह्या बापाचं हाय का?"

"पाइप तं माह्या पैशाचा हाय. तू तुहा गुंड आण, फुकट भरून देतो. गावाचा पुळका कायले करून राहिली?"

लीलाबाईंनी रांगेकडे पाहिलं. बायांच्या माना खाली, हात आपापल्या गुंडांवर घट्ट. भाच्यापेक्षा त्या हातांचीच त्यांना जास्त चीड आली.

त्यांनी आपला गुंड आणला, भरून घेतला अन् तसाच कवडूच्या दारी नेला. म्हातारीला आंघोळ घातली. ते पाणी गल्लीचं नव्हतं, गुणवंताच्या मेहेरबानीचं होतं. हात धुतले तरी ते जाणवत राहिलं.

तिरडी उचलताना गुणवंता खांदा द्यायला पुढं आला. लीलाबाई आडव्या झाल्या.

"ज्यानं आंघोळ अडवली, त्याचा खांदा नाही लागत आमाले."

"मावशे, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे."

कुणी मध्ये पडलं नाही. तिरडी निघाली, गुणवंता तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी बाया नळावर गेल्या. लीलाबाई नदीपलीकडच्या विहिरीकडे निघाल्या. कुणी हाक मारली नाही. मारली असती तरी त्या थांबल्या नसत्या.