हिराताईचं पथ्य

मासळीची टोपली घेऊन निघण्याआधी हिराताई आमच्या ओटीवरच्या आरशात एकदा बघायची आणि पदर गालावर ओढायची. पालघरच्या बाजारात भाव करताना गिऱ्हाईक तिच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांकडे टक लावून बघू लागलं, की ती म्हणायची, "मावरं बघा बाय, माजं तोंड विकायला नाय ठेवलं." मावरं म्हणजे आमच्या सातपाटीत मासळी. आजूबाजूच्या बायका हसायच्या. परत आल्यावर ती तो आरसा भिंतीकडे फिरवून ठेवायची, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

ती शेजारची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. कॉलेजात गेलेला आमच्या आळीतला मी पहिलाच, म्हणून ती मला मास्तर म्हणायची. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा तिने विचारलं, "मास्तर, दातिवऱ्याचे पावने मे महिन्यात बघाया येतील. ह्या तोंडाला तुज्या पुस्तकात काय औषध हाय?"

मी विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होतो. मला काही माहीत नव्हतं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना. वसतिगृहातला एक मित्र एकदा म्हणाला होता, की तेलकट आणि उष्ण खाणं सोडलं की चेहरा साफ होतो. तेवढ्यावर मी सांगून टाकलं, "मासळी बंद कर. ओली, सुकी, सगळी."

तिने बंद केली. रोज मासळी विकायची, घरी सगळ्यांसाठी कालवण करायची आणि स्वतः भाताची पेज मीठ घालून प्यायची. तिची आई चिडवायची, "माळ घातलीस काय गो?"

"घातली. मास्तरांनी दिली."

मे महिन्यात आलो तेव्हा तिच्या गालांची हाडं वर आली होती. पुटकुळ्या होत्या तशाच, एक मावळली की दुसरी. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अजून थोडे दिवस." असं का म्हणालो, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

दातिवऱ्याचे पाहुणे आले. मुलाची आई जाड आवाजाची, मोकळी बाई. जेवताना तिने हिराताईला शेजारी बसवून घेतलं आणि आपल्या ताटातली सरंगा माशाची मोठी तुकडी तिच्या ताटात घातली. हिराताईने ती हळूच बाजूला सारली.

"का गो?"

"पथ्य हाय, मावशी."

"कसलं पथ्य?"

हिराताई ताटातला भात चिवडू लागली. तिची आई पुटपुटली, "तोंडासाठी." ती बाई हसली. "अगो, माज्या लग्नात माजं तोंड पन असंच होतं. त्याचं काय येवढं?" मग ती हिराताईच्या मनगटाकडे बघत राहिली आणि तिचं हसू गेलं. उठताना ती हिराताईच्या आईला म्हणाली, "पोर गुनाची हाय. पन मावरं खात नाय, अंगात जीव नाय. दर्यावरच्या घरात आमी तिचं काय करू?"

मी दारातच उभा होतो. हे मी सांगितलं होतं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. हिराताईनेही माझं नाव घेतलं नाही. पाहुणे दुपारच्या एसटीने गेले.

पुढच्या आठवड्यात मी पालघरच्या एका डॉक्टरांना विचारलं. ते सहज म्हणाले, "खाण्याशी संबंध असेल, नसेलही. मला नक्की माहीत नाही." एवढा शिकलेला माणूस किती सहज म्हणाला!

हिराताई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. तिथे जाऊन मी सगळं कबूल केलं. तिचे हात थांबले.

"मंग तवाच का नाय बोललास? नाय माईत म्हटलं असतंस, तर मी काय तुला मारलं असतं?"

पुढच्या वर्षी तिला तारापूरकडे बांधकामावर असलेल्या एका बिजवराला दिली. परवाच्या सुट्टीत मी तिच्याकडे जाऊन आलो. चेहरा अगदी स्वच्छ झाला आहे. कशाने, कोण जाणे. तिने माझ्यासाठी मासळी तळली आणि स्वतः पेजेची वाटी घेऊन समोर बसली.

"अजून पथ्य?" मी विचारलं.

"पथ्य कसलं रे? सुटलं ते सुटलं. आता वासानं पोटात ढवळतं." तिने मोठी तुकडी माझ्या ताटात सरकवली. "खा मास्तर, गरम हाय तवर."

मी घास घेतला.