जाऊबाईंचं बोट

माझ्या थोरल्या जावेबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मी खरं सांगते. बारा वर्षं मी तिच्यावर जळले. तोंडावर अहो-जाहो, मनात अगं-तुगं.

कपडे धुण्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही दोघी रफू करायचो. खिडकीखाली उजेडाची एकच जागा, ती अर्थातच तिची. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा दोरा काढायचा आणि भोक असं बुजवायचं की ज्याचा कपडा त्यालाही कळू नये. माझं काम झालं की ती डोळे मिटायची, कापडावरून उजव्या हाताचं पहिलं बोट फिरवायची आणि म्हणायची, "सापडली." रफूची जागा तिच्या बोटाला सापडली की सगळं उसवून पुन्हा करायचं. बारा वर्षांत ते बोट एकदाही चुकलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. गिऱ्हाईकंसुद्धा माझ्याकडे बघून विचारायची, थोरल्या बाई नाहीत का? मी काय खुंटीला टांगलेली होते?

मग तिला क्षय झाला, दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला दोन महिन्यांत खोकला थांबला, तशा हिनं गोळ्याही थांबवल्या. उरलेले जंतू त्या गोळ्यांना पक्के सरावले. आता नेहमीची औषधं लागू पडेनात, म्हणून दीड वर्षाची जबर औषधं सुरू झाली. त्यातल्या एका गोळीनं नसांना त्रास होतो, बोटं बधिर वाटली तर लगेच सांगा, उशीर झाला तर जाणीव परत येईलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बजावलं होतं.

घरात सगळे तिच्याभोवती. सासूबाई तिला अंडी सोलून द्यायच्या. मला ताप आला होता तेव्हा मीच सगळ्यांचा स्वयंपाक केला होता. आजारपणाचाही हेवा वाटतो माणसाला. सांगायला लाज वाटते, पण वाटायचा.

तिच्यापासून आता कुणाला लागण होणार नाही म्हटल्यावर पाचव्या महिन्यात ती कामावर आली. मी एक काळा कोट संपवला होता. तिनं डोळे मिटले, बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"नाही सापडत," ती म्हणाली. "झालीस गं तू तयार."

मला मूठभर मांस चढलं. नवऱ्याला तेच तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझंच काम कौतुकानं उजेडात धरलं, तर आत मोहरीएवढी गाठ. काल आलेल्या शिकाऊ पोरीचं बोटही अडखळलं असतं. जाऊबाईंचं बोट त्या गाठीवरून दोनदा गेलं होतं.

मग मी तिची बोटं नीट पाहिली. सुईचे टोचे, वाळलेल्या रक्ताचे ठिपके. मी विचारलं तर कबूल झाली, पण कुणाला सांगायचं नाही म्हणाली. एकदा औषध अर्ध्यावर सोडून जन्माची खोड मोडली, आता बोटं गेली तरी एकही गोळी कमी होऊ देणार नाही, हा तिचा हट्ट.

मी गाठ काढली आणि गप्प बसले. नऊ दिवस. तिनं गप्प राहायला सांगितलं होतं म्हणून नव्हे. बारा वर्षांनी मिळालेलं ते एक वाक्य मला हातचं घालवायचं नव्हतं, म्हणून. उजेडाची जागाही आता माझ्याकडे आली होती.

दहाव्या दिवशी दवाखान्यात तिच्यासोबत मी गेले. बोटं ठणठणीत आहेत, असं तिनं डॉक्टरीणबाईंना खुशाल सांगितलं. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"खोटं बोलतायत त्या," मी म्हटलं. "माझ्या रफूतली गाठ यांना लागली नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावून बोटांना टोचून पाहिलं. तिला बहुतेक टोचे कळलेच नाहीत. मग त्यांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली, बाकीची औषधं तशीच ठेवली. आपल्या मनानं सोडणं वेगळं आणि आम्ही बदलून देणं वेगळं, असं तिला झापलंही. परतताना जाऊबाई म्हणाली, "म्हणजे गाठ होती त्यात?"

"होती," मी म्हटलं.

ती बरी झाली. डाव्या हाताची बोटं बरीच जागी झाली, उजव्याचं पहिलं बोट मात्र अजून बधिरच आहे. मी नऊ दिवस आधी बोलले असते तर ते वाचलं असतं का, हे मी डॉक्टरीणबाईंना कधी विचारलेलं नाही. परवा माझ्या कामावरून तिनं डाव्या हाताचं बोट फिरवलं आणि म्हणाली, "सापडली."

मी मुकाट्यानं उसवायला घेतलं.