एकही फाईल सुटली न्हाय

शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा गृहस्थ सगळी कामं एक्सएसएलटी नावाच्या संगणकाच्या भाषेत करतो. ती भाषा फक्त एक्सएमएल नावाच्या ठरावीक साच्यातल्या फायलींसाठी असते, हे सांगून आम्ही दमलो. "साधी टेक्स्ट फाईल बी वाचती की! अख्खं फोल्डर द्या," तो ओरडतो.

परवा त्यानं कागलच्या एका कारखान्यातल्या मशीनच्या नोंदींचं फोल्डर असंच चालवून अहवाल पाठवला. त्याच फोल्डरात त्याच्या बायकोच्या तांबड्या रश्श्याची कृती होती, तीही अहवालात गेली. कारखान्याच्या मॅनेजरांचा त्याला फोन आला, तो त्यानं स्पीकरवर घेतला. "पावणं, मशीनमध्ये लसूण कुठनं घालायचा?"

आमचे साहेब ते ऐकून लालबुंद झाले. आता याची नोकरी जाणार असं मला वाटलं. हा मात्र फोनवर खुशीत म्हणाला, "पण बघा, एक बी फाईल सुटली न्हाय!"