साहेबांच्या सत्कारानं बंद पडलेली वेबसाइट

मंडळी, आज डोकं फिरलं.

सकाळी आंधळगावकडच्या एका धान खरेदी संस्थेतून मला, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला, फोन आला. वेबसाइटवर शेतकऱ्यांची नोंदणी होत नव्हती. गेलो तर दारात माणसं मोबाइल धरून ताटकळलेली, अन् अध्यक्ष आत खुर्चीत ऐसपैस.

"सर्वरले वायरस लागला गा. नवीन घ्या लागते."

वायरस कसला डोंबलाचा! डिस्क गच्च भरली होती. एक नाव नोंदवायला जागा नव्हती. भरली कशानं? अध्यक्षसाहेबांच्या सत्काराच्या फोटोंनी! तोच हार, तीच शाल, तेच दात.

"हे फोटो काढा लागन," मी म्हटलं.

"काहून? धानाच्या जुन्या नोंदी काढून टाका ना!"

मी फोटो संस्थेच्याच पेनड्राइव्हवर हलवले. नोंदणी सुरू झाली. अध्यक्ष इतके खूश झाले, की त्यांनी तिथंच शाल-नारळ देऊन माझाच सत्कार केला अन् फोटोही काढला.

घरी पोचलो नाही तोच अध्यक्षांचा फोन.

"भाऊ, तुमचा फोटो टाकला, अन् पेनड्राइव्हमधले बी परत चढवले. साइट पुन्हा बंद! वायरस गेलाच नाही वाटते."

नाहीच गेला. वायरस खुर्चीत बसलेला असला, तर काढायचा कसा, सांगा बरं?