काकूंच्या आवाजाची कॉपी

"कॉपी आहे ना?"

कोणीही भेटलं की काका नमस्काराऐवजी हे विचारायचे. घराची किल्ली असो, आधार कार्ड असो, पोरीची मार्कशीट असो, त्याची कॉपी असलीच पाहिजे. शेजारच्या घरात नातू झाला तेव्हा पेढे वाटायला आलेल्या आजोबांनाही त्यांनी गंभीरपणे विचारलं, "एकच? कॉपी नाही?" आजोबा बिचारे पेढ्यांचा डबा हातात धरून बघतच राहिले.

तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेलच, ज्याचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर असतं. आमच्या नानाखेडा वस्तीत ते सगळ्यांचे 'व्हिडिओवाले काका'. उज्जैनमधल्या मराठी घरांतली निम्मीअधिक लग्नं त्यांनी शूट केलेली. माझंही. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मी कमी आणि जिलबी वाढणारे माझे मामा जास्त आहेत, यावरून मी त्यांना आयुष्यभर टोमणे मारले. त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "मॅडम, तुम्ही रडत होत्या. मामा हसत होते. कॅमेरा कुठे जाणार?"

मॅडम, कारण मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वयाने मी त्यांच्या मुलीसारखी, पण शिक्षकाला नुसत्या नावाने हाक मारणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

शूटिंग त्यांनी कधीच सोडलं होतं. आता ते फक्त कॉप्या काढत. कॅसेटना बुरशी लागायला लागली म्हणून सीडीवर, सीडी सोलवटायला लागल्या म्हणून हार्ड डिस्कवर, ती एका सकाळी टक-टक करून मेली म्हणून दुसऱ्या हार्ड डिस्कवर. ज्यांची लग्नं होती, त्यांनी आपल्या कॅसेटी कधीच भंगारवाल्याला दिल्या असतील, पण काकांकडे ती सगळी लग्नं अजून चालू होती. एका जोडप्याचा तर घटस्फोट झाला होता. मी म्हटलं, "अहो काका, ती दोघं आता एकमेकांचं तोंडसुद्धा बघत नाहीत! त्यांची कसली कॉपी काढताय?"

"त्या दिवशी तर बघत होते ना," काका म्हणाले आणि पुढची कॅसेट मशीनमध्ये घातली.

काकू जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एवढ्या सगळ्या कॅसेटींमध्ये काकूंचा आवाज होता फक्त एकीवर. नवा कॅमेरा आणला त्या दिवशी काकांनी गच्चीवर त्याची ट्रायल घेतली होती, ती. ती त्यांनी जिथे म्हणून उतरवता येईल तिथे उतरवून ठेवली होती, मोबाइलवरसुद्धा. रविवारी दुपारी जेवण झालं की ते ती लावून बसायचे. पण त्यांना काळजी वेगळीच होती, आणि आमच्याकडे पोहे खाता खाता एकदा ती बाहेर पडली.

"मॅडम, मी आहे तोवर कॉपी काढीन. मी गेल्यावर कोण काढणार? मोबाइल खराब झाला की ती गेली. मतलब, परत एकदा गेली."

मला बोलणं सुचलं नाही की मी शिकवायला लागते, हा माझा जुना रोग. मी त्यांना डीएनएबद्दल सांगितलं. कॉम्प्युटरमधली कुठलीही गोष्ट, आवाज असो की फोटो, आतून म्हणजे शून्य आणि एक यांची लांबलचक माळ. डीएनएही माळच, फक्त चार अक्षरांची. एका माळेचं दुसरीत रूपांतर करायचं आणि तशी माळ बनवून ठेवायची. थंड, कोरड्या जागी ती हजारो वर्षं टिकू शकते. कॅसेटचं मशीन मिळेनासं होतं, तसं याचं होणार नाही, कारण डीएनए वाचायची गरज माणसाला कायमच पडणार.

काकांनी बशी खाली ठेवली. "जागा किती लागते?"

"तुमची सगळी लग्नं चिमटीत मावतील."

"लग्नं राहू द्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काका दारात. सदऱ्याची बाही कोपराच्या वर दुमडलेली, चेहरा उतरलेला.

"काही खाल्लं नाही. चहासुद्धा नाही घेतला. घ्या."

"काय घ्या?"

"रक्त."

कर्म माझं! मी दाराला धरून हसत सुटले. म्हटलं, "काका, तुमच्या अंगात काही घालायचं नाहीये! हे प्रयोगशाळेत मशीन बनवतं. त्यात जीवबीव काही नसतो, नुसती कोरडी पूड असते बारीकशी. या, आधी पोहे खा."

तेही हसले. पण आत येऊन बसल्यावर त्यांनी खिशातून एक पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. काकूंची फणी होती. दातांमध्ये अडकलेले केस तसेच होते.

"मला वाटलं, तिच्या डीएनएमध्ये तिचा आवाज असेलच. सगळं असतं म्हणता ना त्यात."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. "नाही हो काका. गळा कसा घडवायचा, ते त्यात असतं. त्या गळ्यातून ती काय बोलली, ते नसतं."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

त्यांनी पुडी होती तशी बांधली, प्रत्येक घडी जुन्याच दुमडीवर. मला फार वाईट वाटलं. आदल्या दिवशी मी नुसते फायदेच फायदे सांगितले होते, म्हणून मग बाकीचंही सांगून टाकलं. लिहायला वेळ लागतो. खर्च अफाट. सगळ्या शहराच्या कॅसेटी त्यात भरून ठेवायचे दिवस अजून लांब आहेत. माळ बनवताना चुका होतात, वाचताना होतात, म्हणून एकेका तुकड्याच्या लाखो प्रती कराव्या लागतात.

"लाखो?" काका ताठ बसले. "एका तुकड्याच्या लाखो कॉप्या?"

आयुष्यभर एकेक कॉपी काढत आलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा तुम्ही बघायला हवा होता.

"पण ऐकता येणार नाही, काका. ऐकायचं तर प्रयोगशाळेत वाचायला द्यावं लागतं, मग त्याचा परत आवाज बनवायचा."

"मतलब रविवारी लावून नाही बसता येणार."

"नाही."

त्यांनी पुडी खिशात ठेवली. "रविवारचं माझं मोबाइलवर भागतं. मला माझ्या नंतरचं बघायचंय."

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत याच कामावर होती. मी तिला फोन केला. ती म्हणाली, चाचणीसाठी तिला छोट्या छोट्या फाइली हव्याच आहेत, एक आवाजाची चालेल. "पण एक-दोन वाक्यंच हं मॅडम. जास्त नको."

वाक्यं निवडायला काका आले. लॅपटॉपवर आम्ही ती ट्रायल लावली. उन्हाची गच्ची, भैरवगढच्या छापाच्या साडीत काकू मिरच्या पसरतायत आणि तोंडाचा पट्टा चालू. कावळ्याला हाकलतायत, दूधवाल्याच्या नावाने बोटं मोडतायत. मग एकदम कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "सारखं त्या डब्यातून काय बघता? असं बघा ना एकदा, नुसत्या डोळ्यांनी."

आणि माइकच्या अगदी जवळून एक जाडसर आवाज आला, "बघतोच आहे."

"हेच!" मी म्हटलं. "काका, हेच पाठवायचं."

"तिचं पाठवा," काका म्हणाले. "माझं कापा."

"का?"

"कॅमेरामनचा आवाज आला की काम खराब. इतकी लग्नं केली, कुठे माझा खोकलासुद्धा सापडणार नाही."

"अहो, हे काय कोणाचं लग्न आहे का? तिने विचारलंय, तुम्ही उत्तर दिलंय. उत्तर कापलं तर ती बिचारी हजार वर्षं नुसती विचारतच राहील!"

काकू पडद्यावर तशाच थांबल्या होत्या, कपाळावर हात आडवा धरून. तिकडे बघत काका म्हणाले, "खोटं बोललो होतो मॅडम. बघत नव्हतो. फोकस करत होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्याशी कधी वाद सोडला नव्हता, पण त्या दिवशी सोडला. म्हटलं, "बरं, कापू."

"आज नको. आज नुसतं ऐकू. परत लावा."

आम्ही परत लावलं. विद्यार्थिनीला आवाजाचा दर्जा तपासायचा होता, म्हणून काका घरी गेल्यावर मी न कापलेला तुकडाच तिला पाठवून दिला आणि कळवलं की कापलेला मागाहून पाठवते.

कापायला काका आलेच नाहीत. त्याच आठवड्यात एका सकाळी दूधवाला बेल वाजवत राहिला आणि दार उघडलं नाही. झोपेतच गेले. चक्रतीर्थाच्या स्मशानात कॉलनीतले सगळे आले होते, ज्यांची लग्नं त्यांनी शूट केली ते नवरदेव आता डोकी पिकलेले. त्यांच्यातल्या एकाकडेही काकांच्या आवाजाचा एक शब्द नव्हता.

मग विद्यार्थिनीचा फोन आला. ती उत्साहात होती. "मॅडम, बाईंचा आवाज एकदम स्वच्छ आहे. फक्त शेवटी कोणीतरी माणूस बोललाय. तो काढून टाकू ना? एकदा लिहिलं की मग काहीच बदलता येत नाही, म्हणून विचारते."

मी तिला थांबायला सांगितलं. कापा, असं काका म्हणाले होते, स्वतःच्या तोंडाने. खोटं बोललो होतो म्हणाले होते. आणि मग मला संताप आला, त्यांचाच. बघत नव्हतो म्हणे! काकू गेल्यावर या माणसाने दुसरं काय केलं? तो एक आवाज या डब्यातून त्या डब्यात नेत राहिला, मशीन मेलं तर दुसरं शोधत राहिला, रक्त द्यायला उपाशीपोटी माझ्या दारात उभा राहिला.

"मॅडम? काढू का?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "तिचा नवरा आहे तो."

"चुकून बोललेत का मध्ये?"

"नाही गं. तेव्हा ते खोटं होतं, एवढंच. नंतर खरं झालं."

तिला यातलं काय कळलं असेल कोण जाणे. पण ती म्हणाली, "बरं मॅडम. दोघांचं लिहिते."