उजवी पाकळी

आज खानापूरच्या रस्त्यावर बस थांबली आणि खिडकीतून ओल्या भुशाचा वास आला. रुंदीकरणासाठी जांभळीची झाडं आडवी पाडली होती. त्या वासानं मला आमच्या गावच्या देवराईत नेलं.

देवळाच्या मंडपासाठी तिथली थोरली जांभळ तोडायची होती, म्हणून कौल लावला होता. गुरवानं पाण्यात भिजवून दोन पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवल्या. उजवी पडली तर देवाचा होकार. पडली डावी. "परत लाव," पाटील म्हणाले. परत डावीच पडली. मग गुरवानं उजवी पाकळी कोरडीच लावली. ती पडताच सगळ्यांनी हात जोडले.

माझे वडील, आप्पा, राईच्या कडेला उभे होते. आम्ही बौद्ध, कौल वगैरे ते मानत नसत. तरी म्हणाले, "तुमचा देव नको म्हणालाय. आमाला देव न्हाय, पण झाडाला जीव हाय म्हणून आमीबी नकोच म्हणतो. मग तोडताय कुणाच्या सांगण्यानं?"

"आमच्या देवाचं आमी बघतो," पाटील म्हणाले. "तू नगं बोलूस."

तेव्हा मला पाटलांचा लई राग आलता. आज तोही येत नाही. त्यांना निदान देवाला फसवावं तरी लागलं. इथं रस्त्यासाठी कुणालाच फसवावं लागलं नव्हतं. करवत परत सुरू झाली. भुसा डोळ्यांत जायला लागला, तशी मी खिडकी ओढून घेतली.